दोन दारांची गाडी

गाडी घ्यायची म्हटलं की सोलापुरात माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'किती पळते' हा नव्हे, 'किती माणसं बसतात' हा. उत्तर पाच आलं की तो मनातल्या मनात त्याचे आठ करतो. मी आयुष्यभर अशाच गाड्या चालवल्या. पहिला होता आमच्या कारखान्याचा टेम्पो. टॉवेलचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला पोचवायचे होते, ड्रायव्हर मेव्हण्याच्या लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही, आणि आमच्या ह्यांना गाडी येत नव्हती. अजूनही येत नाही. एकदा शिकायला बसले आणि कारखान्यातल्या पाण्याच्या हौदाला जाऊन भिडले. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगचा नाद सोडला. सूचना द्यायचा मात्र सोडला नाही.

टेम्पोनंतर जीप आली, मग एकामागून एक मोठ्या गाड्या. बाळंतिणी, वऱ्हाडी, आजारी माणसं, हुरड्याला निघालेली पाहुणेमंडळी, सुताचे कोन, ज्वारीची पोती, सगळं मी वाहिलं. तक्रार नाही. चालवायला मला मनापासून आवडतं. हातात स्टिअरिंग आलं की माझा राग कुठल्या कुठे पळतो, आणि मला राग भरपूर येतो हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी कारखाना मुलाने हाती घेतला आणि मला म्हणाला, "अम्मा, आता एक गाडी तुझ्यासाठी घे. माल वाहायची नको, पाहुणे वाहायची नको. तुला काय पाहिजे ते घे."

मला काय पाहिजे ते मला चांगलं ठाऊक होतं. दुपारच्या वेळी मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत असे आणि कोणी आलं की पटकन भाजीच्या पाककृतीवर जात असे. मला मसल कार हवी होती. लांबलचक नाक, मागे आखूड शेपूट, आठ सिलिंडरचं इंजिन, सगळी ताकद मागच्या दोन चाकांना, आणि दारं फक्त दोन. असली गाडी सोलापूरच्या बाईने का घ्यावी याला काही उत्तर नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं तिला कारणही नसतं.

ह्यांनी मात्र डोकं वापरलं. "तुला पळणारी पाहिजे ना? मग सेडान घे. टर्बो हाय, चारी चाकांना ताकद हाय, दारं चार. पळंल पण आणि अम्मा पण बसंल."

ह्यांची अम्मा म्हणजे माझी सासू. आम्ही घरात तेलुगू बोलतो, म्हणून मी तिला अत्तम्मा म्हणते; पण मागावर काम करणाऱ्या बायकांत तिचा जन्म गेला, त्यामुळे तिचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत आहे. ती आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, पुढे टॉवेलच्या कडा शिवायची. मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या शेडमध्ये सगळं हातांनी चालतं. दोन बोटं जुळवून झटकन वेगळी केली की धागा तुटला. तळहात उभा केला की माग थांबव. हवेत हात गोल फिरवला की चालू दे. लग्न होऊन आले तेव्हा ही भाषा मला अत्तम्माने शिकवली. पुढे तिची-माझी अशी गट्टी जमली की घरी पाहुण्यांच्या समोर बसून आम्ही बोटांनी त्यांची टिंगल करायचो आणि त्यांना पत्ता लागायचा नाही. आता तिचे गुडघे गेलेत. बाहेर जायचं तर माझ्याच गाडीतून, मग ते डॉक्टरकडे असो की शुक्रवार पेठेत तिच्या बहिणीकडे. तिला सोडून मी कुठे जात नाही, आणि माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या गाडीत ती बसत नाही.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी बघायला मिळाल्या. ह्यांच्या ओळखीच्या एजंटाने त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आमच्या कारखान्याच्या आवारात आणून उभ्या केल्या. दोन्ही वापरलेल्या, पण जपलेल्या. सेडान राखाडी, मसल कार हळदीसारखी पिवळी. माग बंद होते. माग बंद असले की अत्तम्माला करमत नाही, कान रिकामे झाल्यासारखे वाटतात म्हणते. ती शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर डबा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. गाडी बघायला जाताना डबा कशाला, असं विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

आधी सेडान काढली. हे पुढे, माझ्या शेजारी. अत्तम्मा मागे, डब्यासकट. अक्कलकोट रोडला लागलो. खोटं कशाला बोलू, गाडी गुणाची होती. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग टर्बो जागा होतो आणि पाठीत कुणी प्रेमाने ढकलावं तशी गाडी सुटते. वळणावर चारही चाकं रस्ता धरून ठेवतात. एका ठिकाणी मुद्दाम रस्ता सोडून काळ्या मातीच्या कडेला घातली, तरी जरा म्हणून घसरली नाही. "स्पीडब्रेकर!" हे ओरडले. मला तो केव्हाच दिसला होता. मागे वळून बघितलं तर अत्तम्माचा डोळा लागला होता.

"बघ, झोपली. किती आरामात हाय," हे म्हणाले.

मग पिवळी. एजंटाने बटण दाबलं आणि सगळं आवार थरथरलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली, वॉचमन खोलीतून धावत आला. अत्तम्मा खुर्चीत ताठ बसली आणि शेडकडे बघायला लागली. तिला वाटलं, सुट्टीच्या दिवशी माग कुणी चालू केले?

आता हिला बसवायचं कसं? एजंटाने पुढची सीट वाकवली. मागे जी जागा उरली तिला सीट म्हणणं म्हणजे कांड्यांच्या टोपलीला पलंग म्हणण्यासारखं होतं. पण ती मागे बसणार हे ठरलेलंच होतं. ठरलेलं म्हणजे, कुणी ठरवलं नव्हतं. आमच्यात पुढची सीट मानाची. सासरे होते तोवर ते बसायचे, मग हे बसायला लागले. जावई आला की ती जावयाची. माझा भाचा शाळेत होता, पाय जमिनीला टेकत नव्हते, तेव्हा तोसुद्धा पुढे बसायचा. आणि त्याच्या मागे बायका, मांडीवर पिशव्या घेऊन. तर एजंटाने हात धरला, मी मागून आधार दिला, ह्यांनी आतून पाय उचलून घेतला, आणि अशी आम्ही त्या बिचारीला आत कोंबली. वर डबा दिला.

त्या पहिल्या फेरीबद्दल काय सांगू? मी हसत होते. नुसतीच, एकटीच, वेड्यासारखी. पायाखाली ते इंजिन घुमत होतं, समोर ते पिवळं लांब नाक रस्ता ओढून घेत होतं, आणि हे शेजारून काय ओरडत होते ते मला अर्धं ऐकूच येत नव्हतं, हे सुख आणखी वेगळं. सेडान मला पटली होती. ही पोटात शिरली.

आवारात परत आलो आणि सुख संपलं. अत्तम्मा बाहेर येईना. गुडघा वळेना. ओढावं तर खांदा दुखतो, ढकलावं तर ढकलायला मागे जागाच नाही. एजंट म्हणे उजवीकडून, हे म्हणत डावीकडून. वॉचमनने डबा सोडवून घेतला तेव्हा कुठे ती जराशी हलली. शेवटी ती आडवी होऊन, पदर सावरत, आधी डोकं आणि मग बाकीची, अशी बाहेर आली. एक चप्पल आतच राहिली. कुणी हसलं नाही. ती खुर्चीत बसून दम घेत राहिली.

"झालं," हे म्हणाले. "सेडान."

मी म्हणाले, "बरं." दुसरं म्हणणार काय? अत्तम्माला घरी ठेवून फिरायची गाडी मला नको होती. पण मला वाईट वाटलं, आणि ते मी लपवलंही नाही. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या अशा थापल्या की शेजारीण विचारायला आली, धुणं धुताय का.

पुढचे काही दिवस मी स्वतःला समजावत होते. आमच्या गल्लीत पिवळीचं नाक वळलं नसतं. स्पीडब्रेकरला पोट घासलं असतं. उन्हाळ्यात ती रंगाने आणखीच तापली असती. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, तशी मी एकेक खोड काढत होते. राखाडी गाडीत खरंच काही कमी नव्हतं. कमी होतं ते एवढंच, की तिच्याकडे बघून मी हसत नव्हते.

पिवळी अजून कारखान्याच्या आवारातच उभी होती. ज्या दिवशी एजंट ती परत न्यायला येणार होता, त्या सकाळी अत्तम्मा शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्या हळदीच्या गाडीला पुढं किती सीटा हायत गं?"

"दोन."

"एक तुझी."

"व्हय."

"मग दुसरीवर कुणाचं नाव लिवलंय?"

आम्ही इतकी माणसं, एजंट धरून. कुणी हात ओढला, कुणी पाय उचलला, कुणी डबा सोडवला. दार उघडून तिला सरळ पुढे बसवावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. चार दारांची गाडी घ्यायला आम्ही निघालो होतो, कारण तिच्या बसायच्या जागेला दार नव्हतं. आणि तिची जागा मागेच, हे आम्ही देवाने सांगितल्यासारखं धरून चाललो होतो. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. तिने शेंगांची टोपली बाजूला सारली आणि म्हणाली, "ऊठ की. तो गाडी घेऊन जाईल."

ती चांगलं इरकली लुगडं नेसून कारखान्यात आली. एजंट किल्ली मागत होता, हे सेडानच्या कागदांचं बोलत होते. अत्तम्मा काठी टेकत पिवळीपाशी गेली आणि डावीकडच्या दारासमोर जाऊन उभी राहिली.

"अम्मा," हे म्हणाले, "तिथं मी..."

"तुझं गुडघं चांगलं हायत," ती म्हणाली. "तू बस मागं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. माणूस तसा भला आहे आमचा. खिशातला चष्मा सांभाळत वाकले, आणि मागे जाऊन घडी घालून बसले, गुडघे कानाला लावून. अत्तम्मा पाठ करून सीटवर टेकली, मी तिचे पाय आत घेतले, झालं. डबा मी ह्यांच्या मांडीवर दिला. एजंटाला म्हटलं, तू थांब, आम्ही आलो.

इंजिन सुरू झालं तशी ती सावरून बसली. तो घुमणारा आवाज तिला सवयीचाच. अक्कलकोट रोडला लागल्यावर मी जरा पाय दाबला. मागून हे काहीतरी सांगत होते, बहुतेक सावकाश. आम्हाला दोघींनाही ऐकू येत नव्हतं. शेडमधल्यासारखी मी भुवई उडवून खूण केली, कसं काय? एक हात डॅशबोर्डवर ठेवून, जरा पुढे वाकून अत्तम्मा काचेतून बघत होती. दोन्ही बाजूंच्या बाभळी, समोरून येणारा ट्रक, वर चढून खाली उतरणारा आणि पुन्हा वर दिसणारा रस्ता, सगळं पोरीसारखं बघत होती. मी पाय जरा कमी केला. तशी तिने समोरून नजर न हलवता हवेत हात गोल फिरवला. चालू दे.

मी चालू दिलं. थोड्या वेळाने ती बोलली, मागावरची माणसं बोलतात तशी मोठ्याने, की मागे ह्यांनाही ऐकू गेलं.

"असा येतो व्हय गं रस्ता समोरून? मला वाटायचं, नुसता जातो."