पोत्यांवरून उठू नको

१९९७ च्या एप्रिलात हिंगोलीच्या मोंढ्यात आमची अकरा पोती हळद विकली. पट्टी झाली चौदा हजार तीनशे वीस रुपयांची. हजर होतो मी, अडत्या आणि माझा थोरला भाऊ. भाऊ चाळिशीचा, पण समज सहा वर्षांच्या लेकराएवढी.

दरवर्षी आमची पद्धत एकच. पोती उतरली की त्याला वर बसवायचं आणि सांगायचं, "मी चल म्हणेपर्यंत उठायचं न्हाई." तो उठत नसे. राखणीला त्याच्याइतकं भरवशाचं माणूस घरात दुसरं नव्हतं. त्या दिवशी एका हमालानं थट्टा केली, "उठा की मालक! हळदीला बसले का काय, लगीन हाय का तुमचं?"

भाऊ हसला. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्यानं सांगितलं, उठू नको."

अडतीत पैसे घेताना शंभर रुपये कमी भरले. मी तीनदा मोजले. दोन नोटा चिकटल्या होत्या. बाहेर आलो तर पोती उचलली गेली होती आणि भाऊही नव्हता.

एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सगळं पाहिलं. चौकीत लिहून दिलं: न सांगता निघून गेला. घरी माय म्हणाली, "काहून सोडलं रे त्याला एकट्याला?"

"तोच उठून गेला."

"तो? तो उठला?"

नवव्या दिवशी मोंढ्यात तोच हमाल भेटला. "तुमचा भाऊ तर पोत्यांसंगं ट्रकात चढला. आमाला वाटलं, तुमीच पाठवून राहिले."

ट्रक सांगलीला गेला होता. मी त्याच दिवशी निघालो. तिथल्या गोदामासमोर एक खानावळ होती. मालक म्हणाला, "दोन दिवस त्या पायरीवर बसून होता. पोती आत, दाराला कुलूप. हाक मारली तरी येईना, मग ताट तिथंच नेऊन दिलं. तिसऱ्या दिवशी माल हलला, त्यानंतर दिसला नाही."

पुढचा माग आजवर नाही. माय २००६ साली गेली. सांगलीचं तिला सांगितलं. चल म्हणायला मीच वेळेवर पोचलो नाही, हे सांगितलं नाही.

त्या दिवशी सांगलीत खानावळवाला पैसे घेत नव्हता. चार ताटांचे, बारा रुपयांप्रमाणे, अठ्ठेचाळीस रुपये मी त्याच्या गल्ल्यावर ठेवले.