जागचं न हलणारं गाणं

“गाणं तबकडीवर फिरत जातं गं, दोष मात्र जागचा हलत नाही,” वहिनी एकदा म्हणाल्या होत्या.

हे त्या दोन वर्षांपूर्वी म्हणाल्या, रेकॉर्डच्या कारखान्यात, डबा खाता खाता, बोटावरचं तेल कागदाला पुसत. समोर बसलेली बाई तेव्हा नुसती चौकशीला आली होती. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी घरी येऊन संगणकावर नाचाचं संगीत बनवायची. त्यात शब्द नसायचे, गाणारं कुणी नसायचं. ठोके असायचे आणि ठोक्यांमधली जागा असायची. मागे कुठली मोठी कंपनी नव्हती. तिच्यासारखीच आणखी दीडदोनशे माणसं कुठे कुठे बसून असंच काही बनवत, आणि एकमेकांचं ऐकत. वहिनींनी पहिल्याच भेटीत तिचं नाव ठोकेवाली ठेवलं. ते तिला इतकं चिकटलं की पुढे कारखान्याच्या वहीतही तेच लिहिलं जाऊ लागलं.

वहिनी खरं तर मालकांच्या वहिनी. पण मालक त्यांना दिवसातून चाळीस वेळा हाक मारणार, म्हणून प्रेसवाला, पाकिटं चिकटवणाऱ्या बायका, ट्रकवाला, अगदी विजेचा मीटर बघायला येणारा माणूसही त्यांना वहिनीच म्हणे. त्यांचे यजमान याच शेडमध्ये प्रेस, म्हणजे तबकड्या दाबायचं यंत्र, चालवत. वाफेच्या फुत्कारांनी आणि लोखंडाच्या आपटण्याने त्यांचे कान पन्नाशीच्या आतच गेले. “आमच्या दोघांत मिळून दोनच कान,” वहिनी म्हणायच्या, “आणि ते दोन्ही मी सांभाळते.” घरी टीव्ही मोठ्याने चाले आणि वहिनी कानांत कापूस घालून भाजी निवडत बसत.

कापूस काढायचा तो कामावर. शेडच्या टोकाला एक खोली होती, दाराला आतून गादी ठोकलेली. एक खुर्ची, एक प्लेअर, दोन स्पीकर, आणि कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला सूक्ष्मदर्शक. काळे मणी वितळवून त्यांचा गोळा करायचा, तो दोन साच्यांमध्ये दाबायचा, की अर्ध्या मिनिटात तबकडी तयार. अशा वीस तबकड्यांमागे एक वहिनींकडे यायची. त्या ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत. डोळे मिटत नसत, मान हलवत नसत. एकतीस वर्षं जगातल्या माणसांना नाचवणारं संगीत त्या खुर्चीवरून पुढे गेलं होतं, आणि त्यावर नाचणारं एकही माणूस वहिनींनी पाहिलेलं नव्हतं.

त्यांचं ते वाक्य ही त्या कामाची किल्ली होती. टक् असा आवाज आला तर तो गाण्यातला की साच्यातला, हे ओळखायचं कसं? साच्यावर फोड असेल तर तो दर फेऱ्याला त्याच जागी वाजणार. गाणं मात्र फेऱ्यांशी बांधलेलं नसतं. त्यातला आवाज आज इथे तर पुढच्या फेऱ्यात बोटभर पुढे. ठोकेवाली हे घेऊन घरी गेली आणि ते तिच्या डोक्यात घर करून बसलं. तबकडी मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. समजा गाण्याचे ठोके मिनिटाला बरोबर त्याच्या चारपट ठेवले तर? मग एका फेऱ्यात चारच ठोके. मग गाणंही जागचं हलणार नाही. प्रत्येक ठोका आधीच्या फेऱ्यातल्या ठोक्याला खेटून उभा राहील.

ते गाणं बनवायला तिला आठ महिने लागले. चौथ्या मिनिटानंतर, दर चार ठोक्यांमागे एकदा, तिने एक कोरडा आवाज घातला. चष्म्याची डबी मिटतानाचा. टक्.

कारखान्याकडे तीनशे तबकड्यांची मागणी गेली. नव्या रेकॉर्ड आणि येणारे कार्यक्रम यांची दर आठवड्याला यादी देणारं एक छोटं संकेतस्थळ होतं. या लोकांसाठी तेच वर्तमानपत्र. त्या आठवड्याच्या यादीत तिची रेकॉर्ड सर्वांत वर होती. खाली लिहिलं होतं: शनिवारी दुपारी तीन वाजता, बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात, पहिल्यांदा वाजणार. यादीची छापून काढलेली एक प्रत तिने दुकानात भिंगांच्या खणाशेजारी चिकटवली होती.

मंगळवारी मालकांचा फोन आला. “ताई, तुमचं मागच्या, बी बाजूचं गाणं वहिनींनी नापास केलंय. दर फेऱ्याला टक् आहे म्हणतात.”

ठोकेवाली आधी हसली, आणि मग तिने खणाशेजारच्या यादीकडे पाहिलं: शनिवार.

बुधवारी ती अर्धी रजा टाकून कारखान्यात पोचली. तीनशे तबकड्या भिंतीशी रचून ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर वहिनींच्या अक्षरात चिठ्ठी. मालक दारातच भेटले. “चला, तुम्हीच समजवा. आमचं ऐकायला कान कुणाला आहेत?”

खोलीत तिने आपलं मूळ ध्वनिमुद्रण लावलं. चौथं मिनिट उलटलं. टक्. चार ठोके. टक्.

वहिनी मान तिरकी करून ऐकत राहिल्या. “हे तू घातलंयस?”

“हो. मुद्दाम.”

“आणि फेऱ्याला एकच येतं, तेही मुद्दाम?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, गाणं फिरत जातं. म्हटलं, न फिरणारं एक करून बघू.”

वहिनींनी उठून एक तबकडी दिव्याखाली तिरपी धरली. काळ्यावर चार जाड आणि मधून मधून बारीक रेषा केंद्रापासून कडेपर्यंत सरळ गेलेल्या होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. “अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “हे मला काल दिसलं होतं. मला वाटलं, दिव्याची झिलई आहे.”

“म्हणजे वहिनी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात!” मालक खुशीत आले. “पेढे... नाही, निदान चहा तरी मागवतो.”

“चुकलेच,” वहिनी म्हणाल्या आणि चिठ्ठी चुरगळून कोटाच्या खिशात घातली. “भाऊजी, चहा नको. पुन्हा एकदा लावते.”

या वेळी त्यांनी मूळ मुद्रण नाही, तबकडी लावली. ठोकेवालीला घाई होती. पाकिटं भरायची होती, शनिवारची सगळी तयारी बाकी होती. ती दाराच्या गादीला टेकून उभी राहिली. टक्. टक्. तिच्या डबीचा आवाज, ओळखीचा, घरचा.

वहिनींनी बोट वर केलं. बोट बराच वेळ तसंच राहिलं, मग खाली आलं.

“बारा फेरे,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आवाजाच्या मागे दुसरा एक आहे. बारा फेरे येतो, मग जातो.”

“वहिनी!” मालकांनी कपाळावर हात मारला. “आता हट्ट सोडा हो. कान सगळ्यांचेच थकतात, त्यात लाज कसली?”

“कान माझे आहेत, भाऊजी. लाज तुम्हाला का वाटतेय?”

ठोकेवालीने पुन्हा ऐकलं. दोनदा, तीनदा. तिला एकच टक् ऐकू येत होतं. तिच्या मनात आलं ते तिला स्वतःलाच आवडलं नाही: म्हाताऱ्या बाईला खाली मान घालायची नाहीये, म्हणून चाललंय हे.

वहिनींनी सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढलं, तबकडी खाली सरकवली, बराच वेळ चाकं फिरवली आणि बाजूला झाल्या. “ये. भिंगांची तुला सवय आहे.”

ठोकेवालीने डोळा लावला.

नुकताच कंगवा फिरवलेल्या ओल्या केसांसारख्या खाचा होत्या. शेजारी शेजारी, चमकत्या. आणि मग एका जागी प्रत्येक खाच दचकलेली होती. पहिली, तिच्या शेजारची, तिच्या शेजारची. सगळ्या एकाच जागी, एकाच वळणाने. तिच्या डबीचं झाकण. आठ महिने तिने जे कानांनी जुळवलं होतं ते इथे रांगेत उभं होतं, आणि तिला ठाऊकही नव्हतं की आवाज दिसतो, आणि दिसला तर इतका शिस्तीत दिसतो. ती त्या रांगेवरून डोळा काढायलाच तयार नव्हती.

“उजवीकडे बघ,” वहिनी म्हणाल्या. “केसभर.”

उजवीकडे एक उंचवटा होता. फोड आल्यासारखा, बारीक. तिथली खाच वळलेली नव्हती. तिच्यावर काहीतरी बसलेलं होतं. पुढच्या खाचेवरही, त्याच्या पुढच्याही. ठोकेवालीने मोजलं. बारा.

“साचा बनतानाच त्यात धुळीचा कण अडकलाय, पुसून जायचा नाही,” वहिनी म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाच्या गाण्यात असता तर भाऊजींनाही ऐकू आला असता. तुझ्या गाण्यात त्याला लपायला जागा मिळाली.”

मालकांनी वाकून स्वतः डोळा लावून पाहिलं. मग ते मागे सरले. “ताई, खरं सांगू? हे कुणाच्या बापाला ऐकू जायचं नाही. नवा साचा काढायचा तर तीन दिवस. शनिवारची दुपार होणार. तीनशे विसरा. चार-पाच निघाल्या तर निघाल्या. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता पाकिटात घालतो.”

ठोकेवालीने वहिनींकडे पाहिलं. “नाचणाऱ्यांना कळेल?”

“मला काय ठाऊक? मी कधी बघितलंय?” वहिनी म्हणाल्या. “मला कळलं, एवढंच मी सांगू शकते.”

तिने तबकडी पुन्हा लावली. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यानंतर आता तिलाही तो ऐकू येऊ लागला, तिच्या टक्‌च्या सावलीसारखा, अगदी मागे. आणि एकदा ऐकू आल्यावर तो जाईना. यादीतली सर्वांत वरची ओळ तिला आठवली. त्या बारा फेऱ्यांची वीस-बावीस सेकंदं होत होती. गाणं आठ मिनिटांचं.

“मोडा,” ती म्हणाली. “सगळ्या.”

मालक काहीतरी पुटपुटत बाहेर गेले. थोड्या वेळाने तबकड्या दळणाऱ्या यंत्रात पडल्याचा आवाज गादी ठोकलेल्या दारातूनही आला. वहिनींनी कानांत कापूस घातला.

शनिवारी तलावात दोनशेच्या वर माणसं होती. पाणी केव्हाच आटलेलं, निळसर फरशांचा नुसता उतार. उथळ बाजूला टेबल, प्लेअर. खोल बाजूला माणसं. वरच्या काचांतून दुपारचं ऊन फरशांवर पडून परत छताला जात होतं. ठोकेवालीने दुसऱ्यांच्या रेकॉर्ड वाजवायला सुरुवात केली. पावणेचार झाले. कारखान्यातून फोन नव्हता. लोक येऊन विचारत होते, नवी कुठाय? ती म्हणे, येतेय. येईल की नाही हे तिलाच माहीत नव्हतं.

चारला पाच मिनिटं असताना वहिनी आल्या. कामावरचा निळा कोट तसाच, छातीशी धरलेला, साध्या कागदात गुंडाळलेला चपटा गठ्ठा. शिडीचा कठडा धरून एकेक पायरी त्या तलावात उतरल्या. गठ्ठ्यात पाच तबकड्या होत्या, अजून कोमट.

“ऐकल्यात?” ठोकेवालीने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

वहिनींनी मान हलवली. नाही. “वेळ कुठे होता? प्रेसवरून उचलली, बस पकडली.”

म्हणजे पहिलं ऐकणं इथेच, सगळ्यांसमोर. ठोकेवालीने बी बाजू लावली. सुई टेकवली.

ठोका फरशीतून आला. तलावाच्या भिंतींनी तो उचलला, परत केला, आणि माणसं हलू लागली. वहिनी टेबलाशेजारी खोलीतल्यासारख्याच उभ्या होत्या, मान तिरकी, डोळे उघडे. चौथं मिनिट. टक्. दोनशे टाचा एकदम फरशीवर आल्या. टक्. पुन्हा आल्या. ठोकेवाली ओठांनी मोजत होती. सात. आठ. अकरा. बारा. तेरा. मागे काहीही नव्हतं. त्या आवाजाच्या मागे स्वच्छ, मोकळी, रिकामी जागा होती.

तिने मान वर केली. वहिनी तबकडीकडे बघत नव्हत्या. त्या खाली, तलावाच्या तळाकडे बघत होत्या, पायांकडे: बुटातले, अनवाणी, जाड घोट्यांचे, एका म्हाताऱ्या माणसाचे, एका गरोदर बाईचे. सगळे उचलले जात होते आणि सगळे एका क्षणी टेकत होते. वहिनींनी वाकून हाताचा तळवा फरशीवर ठेवला. गाणं संपेपर्यंत तो तिथेच होता.

सुई उचलली गेली. टाळ्या, शिट्ट्या, ओरडा. ठोकेवाली वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिली. दोनशे माणसं वाहवा करत असली तरी तिला हवं होतं ते एकच तोंड.

वहिनी सरळ झाल्या. तळवा त्यांनी कोटाला पुसला नाही. तो थोडा उघडा, अंगापासून दूर धरला होता, घरी न्यायचं काही सांडू नये तसा. गर्दीने त्यांना वाट दिली. त्या शिडीच्या पायऱ्या चढल्या, काठावरून चालत दारापर्यंत गेल्या, आणि बाहेरच्या उन्हात निघून गेल्या.