गाळलेली दीड मिनिटं

सरांचा आवाज मुळातच बारीक. आठवीच्या साठ मुलांपुढे उभे राहिले की तिसऱ्या बाकापलीकडे काही पोचायचं नाही. एकोणीस वर्षं ते विज्ञान शिकवत होते आणि एकोणीस वर्षं मागची मुलं त्यांच्या तासाला हक्काने पेंगत होती. पाठीमागे सगळे त्यांना 'म्यूट सर' म्हणत.

मग शाळेने वर्गात मोठा पडदा बसवला. सरांनी ज्वालामुखीचा एक व्हिडिओ लावला आणि वर्ग चिडीचूप झाला. घंटा झाली तरी कुणी उठेना. घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, "आज पोरं 'अजून एक लावा' म्हणाली गं!" त्यांना एवढं खूश तिने लग्नातही पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून सरांना वेडच लागलं. तास पस्तीस मिनिटांचा. त्यात रटाळ भाग नको. म्हणून ते प्रत्येक व्हिडिओ आधी घरी बघत आणि कुठून लावायचा, कुठे थांबवायचा, ते वहीत टिपून ठेवत. शेवटच्या बाकावरची शिंप्याची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, तीसुद्धा आता हात वर करून प्रश्न विचारू लागली.

बाटलीत वायू कोंडून बूच उडवण्याचा व्हिडिओ त्यांनी असाच दाखवला. सुरुवातीची दीड मिनिटं जाड चष्मा घातलेला एक माणूस नुसता बोलत होता: काचेची बाटली नको, तोंड जवळ नेऊ नका, मोठं माणूस सोबत हवं. सरांनी ती गाळली. बूच छतावर आपटलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

रविवारी आईवडील बाहेर गेलेले असताना चिमणीने तो प्रयोग स्वयंपाकाच्या ओट्यावर केला, काचेच्या बाटलीत. बूच घट्ट बसलं होतं. का उडत नाही म्हणून ती वाकली, आणि बाटली फुटली. डावा डोळा गेला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावून घेतलं. "व्हिडिओ पूर्ण दाखवला, सूचना दिल्या, एवढंच लिहून द्या. नसतं झेंगट मागे लावून घेऊ नका."

सरांची पाचावर धारण बसली होती. त्यांनी लिहून दिलं.

आठवड्याने शिंपी शाळेत आला. हातात शाळेचं पत्र होतं. "सर, एकच विचारतो. पोरगी म्हणते, असं कुणी काही सांगितलंच नव्हतं. यात लिहिलंय, सांगितलं होतं. काल मी तिला मारलं, सर. डोळ्यावर पट्टी असताना मारलं. करून सवरून वर खोटं बोलते म्हणून."

"ती नाही, मी खोटं बोललो," सर म्हणाले.

"काय?"

सरांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

शिंप्याने त्यांच्यावर हात उचलला नाही. "चला," एवढंच म्हणाला. "तिच्या तोंडावर सांगा."

घरात शिलाई मशीनशेजारी चिमणी भिंतीला टेकून बसली होती. सरांना बघायला तिला अख्खी मान वळवावी लागली. त्यांनी सगळं सांगितलं, दीड मिनिटांचंही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिने मान परत मशीनकडे वळवली. मग म्हणाली, "बाबा, सरांना जाऊ दे."

सरांनी दुसऱ्याच दिवशी पहिलं पत्र मागे घेऊन खरं लिहून दिलं. चौकशी झाली, वर्ग गेला. त्यांना कार्यालयात दाखले लिहायला बसवलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याशी कुणी बोलेना. बायको बोलायची, पण जपून.

वर्ष संपताना शिंपी चिमणीला घेऊन शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. कारणाच्या रकान्यापाशी सरांचं पेन थांबलं.

"घर बदललं, असं लिहा," शिंपी म्हणाला.

"बदललंय?"

"नाही."

सरांनी तरीही 'घर बदललं' असंच लिहिलं आणि शिक्का मारला. चिमणीने मान वळवून दाखला शेवटपर्यंत वाचला, त्याची घडी घातली आणि बापाचा हात धरून ती जिना उतरली, एकेक पायरी आधी पायाने चाचपत.