काकूंची तुटक रेष

अख्ख्या टेक्ससमध्ये रस्ता कधी म्हणजे कधीच न चुकणारी एकच बाई होती, आणि तिला गाडी चालवता येत नव्हती! आमच्या शुगर लँडच्या, म्हणजे ह्यूस्टनच्या उपनगरातल्या, काकू. तशा सख्ख्या नव्हेत हं, आईच्या मैत्रिणीची बहीण. मी ह्यूस्टनला मास्टर्स करत होते आणि माझ्याकडे एक खटारा गाडी होती, त्यामुळे शनिवारी त्या नकाशा घेऊन शेजारी बसून बोट दाखवणार आणि मी ड्राइव्ह करणार, असं आपोआप ठरून गेलं. फ्रीवे त्यांना अजिबात चालायचा नाही. "चालवणाऱ्याला नुसता रस्ता दिसतो गं, बाजूचं काही दिसत नाही. म्हणून मी शिकत नाही," असं वर सांगायच्या. मध्येच ओरडायच्या, "थांब थांब! हा नाला नकाशात नाही!" आणि भर उन्हात छत्री उघडून, साडी वर खोचून नाल्याशी जाऊन उभ्या! मागचे लोक हॉर्न वाजवताहेत, मी मान खाली घालून स्टिअरिंगकडे बघतेय.

हे सगळं सुरू झालं ते कम्युनिटी कॉलेजमुळे. मुलगी शिकायला बाहेर पडल्यावर काकूंनी तिथे भूगोल आणि नकाशे काढायचं सर्टिफिकेट घेतलं, म्हणजे घ्यायला लागल्या. वर्गात सगळी विशीतली पोरं आणि पहिल्या बाकावर काकू, डब्यात साबुदाण्याची खिचडी. काका तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, बोलायला नागपुरी फटकळ. म्हणायचे, "या सर्टिफिकेटनं नकाशात घर दाखवता येईल, घराचा हप्ता नाही भरता येणार." काकू शांतपणे पेन्सिलीला टोक करत राहायच्या. मग तेलाचे भाव कोसळले आणि काकांचीच नोकरी गेली, यार. घर विकायचं आणि काकांच्या भावाकडे न्यू जर्सीला जायचं, असं घाटायला लागलं. काका हप्त्याचं बोलायचे बंदच झाले. आता सगळी मदार त्याच सर्टिफिकेटवर.

शेवटच्या परीक्षेला आपापल्या वस्तीचा नकाशा काढायचा होता. वर्गातल्या पोरांनी शाळा, चर्च, पेट्रोल पंप दाखवले. काकूंनी आपली मराठी घरं दाखवली! कोणाकडे न सांगता गेलं तरी चहा मिळतो तिथे कपाचं चित्र, कोणाकडे आधी फोन करून जावं लागतं तिथे फोनचं, आणि ज्या दोन घरांचं एकमेकांशी बोलणं नाही त्यांच्यामध्ये तुटक रेष. सर खूश! पण त्याच आठवड्यात मंडळाच्या गणपतीच्या आमंत्रणामागे हॉलचा नकाशा छापायचा होता आणि काकूंनी घाईत झेरॉक्सला दिला तो हाच. खुणांचा खुलासा वेगळ्या कागदावर होता म्हणून वाचलो. तरी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा फोन आलाच, मी समोरच बसले होते. "वहिनी, आमच्या घरापासून त्या क्लबहाऊसजवळच्या बँकवाल्याच्या घरापर्यंत ही तुटक रेष कसली?"

"रस्ता व्हायचा आहे, भाऊजी," काकू म्हणाल्या.

आरतीला डॉक्टर आणि बँकवाले दोघंही आले आणि हॉलच्या दोन टोकांना उभे राहिले. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, बरोबर आहे न नकाशा?"

आणि इंटरव्ह्यूलाही त्या तोच घेऊन गेल्या! पाण्याचे पाइप आणि गटारांचे नकाशे ठेवणारं एक सरकारी ऑफिस होतं, तिथे जागा निघाली होती. मी म्हटलं, "काकू, दुसरा न्या ना, लोक हसतील." तर म्हणे, "इतकं सुबक अक्षर दुसऱ्या कशात नाही आलं." बाहेर गाडीत मी आणि काका. काका नुसता एसी कमीजास्त करत होते. काकू आल्या, दार लावलं. "रेष कसली म्हणून विचारलं साहेबानं. खरं सांगून टाकलं."

"मग?" काका.

"हसला. म्हणे, आमच्या पाण्याच्या आणि रस्त्याच्या खात्यांमध्ये पण अशीच रेष आहे. सोमवारपासून ये म्हणाला."

काकांनी गाडी गिअरमध्ये टाकली, परत काढली आणि रुमाल शोधत बसले.

मग काय, घर राहिलं. सकाळी काका त्यांना सोडणार, संध्याकाळी आणणार, डबाही काकाच भरायला लागले. पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखी हॉर्न वाजवत गेले, तर काकांनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. काकू सोफ्यावर गाढ झोपल्या होत्या, पायातले बूट तसेच. ज्या घरात बूट दाराच्या आत येत नसत, त्या घरात! "राहू दे," काका हळूच म्हणाले, "आठवडाभर गटारं मोजत उभ्यानं काम करून राहिली ती." त्यांनी मला चहा दिला, जरा जास्तच गोड. आम्ही दोघं कुजबुजत इकडचं तिकडचं बोललो. मला खूप आनंद झाला होता, खरंच. फक्त त्या दुपारी जायचं कुठे, तेच कळेना.