नकार लिहून द्या

लिफ्ट दुरुस्त करणारी ती बाई शहरातल्या निम्म्या इमारतींना गच्चीकडून ओळखायची. मोटरच्या खोलीत शिरायचं, दोर चाचपायचे, आणि जे आढळलं ते तिथल्या वहीत लिहून खाली सही ठोकायची. बावीस वर्षं हेच काम. घरी जोडीला मास्तरीण होती, शाळेत गणित शिकवणारी. अठरा वर्षं दोघी एका छपराखाली राहत होत्या. भांडण झालंच तर खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरच.

एका दुपारी शिडी सरकली आणि बाईचं कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळात ती गुंगीत होती. ऑपरेशनच्या कागदावर सही हवी, म्हणून मास्तरीण पुढे झाली.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"घरची."

"नातं काय?"

त्या रकान्यात बसेल असं तिच्याकडे काही नव्हतं. बाईच्या वडिलांचा फोन लागेना, म्हणून सात वर्षांत फोनही न केलेल्या तिच्या भावाला परगावी गाठून त्याची संमती घेतली, त्यात चार तास गेले.

काठी टेकत चालायला लागल्यावर बाई म्हणाली, "चल, लग्न करून टाकू."

"आपल्याला कोण करू देतंय?"

"विचारल्याशिवाय कसं कळणार?"

विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. "यात वर कुठे आहे?"

"वर नाही. वधू दोन आहेत."

"मग होणार नाही."

"बरं," बाई म्हणाली, "तेवढं कारणासकट लिहून द्या. आम्ही लिफ्ट बंद ठेवली तर का ठेवली ते लिहून देतो."

कारकून साहेबांकडे जाऊन आला आणि अर्ध्या तासाने शिक्का मारलेला कागद मिळाला. तो घेऊन दोघी एका वकीलबाईंकडे गेल्या. कागद पाहून वकीलबाई हसल्या. "लोक माझ्याकडे रडगाणं घेऊन येतात. तुम्ही पुरावा घेऊन आलात."

कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं, "तुम्ही एकत्र राहता, कुणी त्रास देत नाही. मग अडलंय कुठे?"

"इस्पितळात, चार तास," बाई म्हणाली. "सगळं सुरळीत असतं तेव्हा कागद कुणी मागत नाही, साहेब. माणूस पडल्यावर मागतात."

तरीही निकाल विरुद्ध गेला. त्या संध्याकाळी मास्तरीण वह्या तपासायला बसली, पण तिसऱ्या वहीनंतर तिच्याने होईना.

"वरचं कोर्ट आहे अजून," बाई म्हणाली.

"तिथेही हरलो तर?"

"तर पुन्हा कारण विचारू."

वर्तमानपत्रात फोटो छापून आला तेव्हा बाईच्या वडिलांनी बोलणं टाकलं. दोन महिन्यांनी ते आपणहून दारात उभे राहिले. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, "शेजारी विचारत होता, मुलीचं काय चाललंय. म्हटलं, कोर्टात लढतेय. सांगताना वाईट नाही वाटलं."

वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश होते. मधल्या न्यायाधीशबाईंनी तो शिक्क्याचा कागद मोठ्याने वाचला, 'कारण : दोघीही स्त्रिया,' आणि सरकारी वकिलाला विचारलं, "याखेरीज दुसरं काही कारण?" वकिलाने बरीच पानं उलटली, पण कारण सापडलं नाही. दोन विरुद्ध एक, असा निकाल लागला. बंदी उठली.

पुढच्याच आठवड्यात लग्न झालं. साक्षीदार म्हणून सही करून वडिलांनी पेनाला टोपण लावलं आणि मास्तरणीकडे पाहिलं. "आता तुला सून म्हणू की जावई?"

"सून म्हणालात तर स्वयंपाक सांगाल."

"मग जावईच बरा," ते म्हणाले, "पण मान मागायचा नाही."