अंकुशची चाल

जयवंताचा नवऱ्यावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. अंकुश कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कंत्राटी कामगार. दोन वर्षं तो ‘ओव्हरटाइम आहे’ असं सांगून राखेच्या तलावाकडच्या एका टपरीमागे पत्ते कुटत बसला. शेजारच्या यमुताईनं पाहिलं म्हणून उघडकीला आलं. त्यानं पत्ते सोडले, घरातली भांडणं थांबली, पण त्याबरोबर बोलणंही थांबलं. तो मोबाइल बघत जेवायचा, तेरा वर्षांची मुलगी रोशनी पुस्तकात तोंड खुपसून. जयवंता मशीनवर शाळेचे गणवेश शिवता शिवता दोघांकडं तिरक्या नजरेनं बघायची.

दिवाळी सरली आणि बाप-लेक रोज दुपार कलली की बाहेर पडू लागले.

“कुठं चालले तुम्ही?”

“रोशनीले प्रॅक्टिसले नेऊन राहिलो. धावायच्या. शाळेच्या मॅडमनं सांगतलं.”

“मले नाही सांगतलं मॅडमनं.”

“तू दिवसभर मशीनवर राहतं वं. तुले काहून त्रास?”

उत्तर सरळ होतं, आणि तेच तिला खुपलं. पत्त्यांच्या दिवसांतही त्याची उत्तरं अशीच सरळ असायची.

तिनं त्याचा शर्ट हुंगला. नुसता घाम. बूट उलटे करून पाहिले, तर टाचा मागच्या कडेला पार झिजलेल्या. धावते पोरगी, मग याचे बूट कसे झिजतात? तिनं रोशनीला गाठलं.

“किती धावली आज?”

“धावली नाही... म्हणजे, धावली ना!” पोरीनं बापाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

जयवंतानं मनाशी ताडलं: पोरीला पुढं करून हा पुन्हा पत्त्यांच्या बैठकीला जातो, वर तिला खोटंही शिकवतो. यमुताईनं त्यात भर घातली. “मी पाह्यलं वं, गाडी तलावाकडंच वळली.”

गुरुवारी तिनं मशीन झाकलं आणि त्यांच्यामागोमाग पायीच निघाली. टपरीजवळ पोचली तर अंकुशची मोटरसायकल तिथंच उभी. मागं चौघं पत्ते टाकून बसलेले. अंकुश मात्र त्यांच्यात नव्हता. चौघंही हातातले पत्ते विसरून रस्त्याकडं बघत हसत होते.

रस्त्यावरून अंकुश येत होता. कोपरं दुमडलेली, गुडघे ताठ, टाच आधी टेकवत, कंबर या बाजूला, त्या बाजूला. त्याच्यामागं चार हातांवर रोशनी, अगदी तशीच.

“अंक्या, कंबर मोडन बे!” प्रीतम नावाचा एकजण ओरडला.

अंकुशनं हात हलवला आणि कंबर आणखी झुलवली. चौघं पोट धरून हसले. रोशनीकडं कोणाचं लक्षच नव्हतं. ती नाकासमोर बघत झपाझप चालत होती.

जयवंता वाटेत आडवी आली. “काय तमाशा लावला हा?”

अंकुश जागीच थिजला. रोशनी धापा टाकत म्हणाली, “आई, चालायची शर्यत राहते ही. धावायचं नाही, एक पाय कायम जमिनीवर पाहिजे. पहिल्या दिवशी हे लोकं मले हसले, मी रडली. मंग बाबा माझ्यासमोर चालू लागले. म्हणे, हसतीन तर मले हसतीन.”

“मले काहून नाही सांगतलं?”

“तू बंद केलं असतं,” अंकुश म्हणाला. “पोट्टी रस्त्यावर कंबर हलवते म्हणून.”

केलंच असतं. हे तिचं तिलाही माहीत होतं. तरी ती थेट प्रीतमपुढं जाऊन उभी राहिली. “खरं सांगा, हे बसतात का तुमच्यात?”

“नाही वहिनी. बलावलं तरी येत नाही. ट्रक येत नाही म्हणून या रस्त्यानं फिरते फक्त.”

एवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी नजर ठेवायला म्हणून ती गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. दगडावर बसून बघायची. चौथ्या दिवशी तिनं हाक मारली, “रोशनी, वळणावर तुझे दोन्ही पाय उचलून राहिले!”

“नाही उचलले,” अंकुश म्हणाला.

“मी पाह्यले.”

शाळेच्या मॅडमनीही नंतर तेच सांगितलं. त्या रात्री जेवताना वाद पेटला. गुडघा कुठं ताठ ठेवायचा हे दाखवायला अंकुश ताट सोडून उठला आणि स्वयंपाकघरात चालू लागला. डब्यांच्या मांडणीवर आदळला, तेव्हा जयवंताला हसू आवरेना. कितीतरी महिन्यांनी ती अशी हसली होती. मोबाइल कुठं ठेवलाय हे झोपेपर्यंत अंकुशच्या लक्षातही आलं नाही.

जानेवारीत शहरात स्पर्धा झाली. रोशनी चौथी आली. पदक नाही, पण दोन्ही पाय एकदाही एकदम उचलले नव्हते. परतीच्या बसमध्ये तिघं एका सीटवर दाटीवाटीनं बसून वळणावळणावर भांडत आली.

पुढच्या आठवड्यात अंकुशचा फोन आला. “आज खरंच ओव्हरटाइम आहे.”

जयवंतानं मशीन थांबवलं. मग म्हणाली, “मुकादमाले द्या फोन.”

मुकादमानंही तेच सांगितलं. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि रोशनीला म्हणाली, “चाल वं. आज समोर मी.”