माप मोठ्याने सांगणार नाही

आमच्या जिन्याखालच्या खोलीत शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन मशिनं, एक कापायचं टेबल, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा आणि गळ्यात टेप अडकवून फिरणारी एक बाई. टेप इतकी वर्षं तिच्या गळ्यात आहे की तिच्या लग्नाच्या फोटोतही ती असणार, असं आम्ही गमतीनं म्हणतो. शाळेतली पोरं तिला टेपमावशी म्हणतात. आता त्यांचे आईबापही तेच म्हणतात.

जवळच्या शाळेचे गणवेश सव्वीस वर्षं तिनेच शिवले. त्यामुळे वाढत्या वयाबद्दल तिला जे कळतं, ते मला कॉलेजात मानसशास्त्राचा पेपर देऊनही कळलं नव्हतं. ती सांगते, आधी पावलं वाढतात, मग हातपाय, धड सगळ्यात मागून. म्हणून या वयात पोरं चौकटीला आपटतात, पेले सांडतात आणि घरचे ओरडतात, लक्ष कुठंय तुझं? लक्ष जागेवरच असतं, म्हणे. हातच काल होता तिथे आज राहिलेला नसतो. एकाच वर्गातल्या दोन मुली, एक अकराव्या वर्षीच बाईसारखी दिसते, दुसरी चौदावं सरलं तरी काडी. दोघींचंही बरोबरच. याच अंदाजाने ती शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं दडवून ठेवते.

मापं घ्यायची शाळेची एक रीत होती. सुट्टी लागण्याआधीच्या आठवड्यात अख्खा वर्ग हॉलमध्ये बसायचा. एकेकाने रांगेतून पुढे यायचं, टेपमावशीने टेप लावायची आणि खड्या आवाजात सांगायचं: उंची, पाठ, छाती, कंबर. टेबलाशी बसलेल्या वर्गशिक्षिका ते वहीत उतरवून घ्यायच्या. हॉल मोठा, पंखे खडखडणारे, म्हणून आवाज चढवावाच लागे. इतक्या वर्षांत त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं. म्हणजे, कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी रांगेत तिची सख्खी भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. आठवीत जाणारी, वर्षभरात ताडमाड वाढलेली, उंच उडीत शाळेत पहिली. टेपमावशीने तिचं माप नेहमीच्या आवाजात सांगितलं. त्या वर्षी मागे बसलेली पोरं पहिल्या मुलीपासूनच खुसखुसत होती. त्यांच्यातल्या कुणीतरी छातीचा आकडा पुन्हा म्हटला, लिलावात बोली लावावी तसा. वर्ग हसला. शिक्षिका शांत बसा म्हणाल्या आणि आकडा लिहून घेतला.

त्या दिवसापासून पोरगी दप्तर पाठीला लावायचं सोडून पोटाशी धरून चालायला लागली. सुट्टीतल्या उडीच्या सरावाला गेली नाही. शाळा उघडली तसं तिचं पोट दुखायला लागलं, मग डोकं, मग पुन्हा पोट. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं. बहीण म्हणाली, वयच खुळं असतं, येईल ताळ्यावर. मेहुण्यांनी मात्र आठवडा सरल्यावर सांगून टाकलं की जायचं नसेल तर राहू दे घरी, कामाला हात लागेल. हा निरोप आला तेव्हा मी उसवलेला खिसा घेऊन दुकानातच बसले होते. मशीन मध्येच थांबलं.

त्याच आठवड्यात शाळेचं पत्र आलं. आठवीतल्या तेवीस मुलींचे नवे शर्ट छातीवर तंग होत होते. मुख्याध्यापिका बाईंनी टेपमावशीला बोल लावला नाही, बिचाऱ्यांनी. त्यांनी मुलींनाच लावला. हल्ली मुली भराभर वाढतात, तेव्हा आठवीपासून पुढच्या मुलींनी शर्टावर जाड जाकीट घालावं, उकाडा असो नसो. सोबत कापडाचा तागा आणि ऐंशी जाकिटांची ऑर्डर.

टेपमावशी तो तागा बघत बसली. सव्वीस वर्षांत तिचा शर्ट कुणाला तंग झाला नव्हता, आणि आता एकदम तेवीस जणींना? तिने भाचीला बोलावून घेतलं, दार लावलं, आरशासमोर सरळ उभं केलं आणि पुन्हा टेप लावली. छाती वहीतल्यापेक्षा दोन इंच जास्त आली. ते एक वेळ वाढीत खपलं असतं. पण पाठ अर्धा इंच कमी भरली, आणि वाढत्या पोरीची पाठ कधी आखडत नाही.

तिने टेप टेबलावर ठेवली. मापाच्या दिवशी हॉलमध्ये पोरगी अंग चोरून उभी होती, खांदे पुढे, कोपर बरगड्यांशी; अशाने पाठ जास्त भरते, छाती कमी. एकटी हीच नाही, रांगेतल्या तेवीस जणी तशाच होत्या. मुलगे छाती फुगवून उभे राहतात, त्यांचे शर्ट दरवर्षी सैल होतात. त्यावर मात्र कधी पत्र निघालं नाही.

“चूक माझी,” ती भाचीला म्हणाली. “तुझ्या अंगाची नाही, माझ्या तोंडाची. मी ओरडायला नको होतं.”

पोरगी म्हणाली, “मावशी, तू नाही ओरडलीस तर दुसरं कुणी ओरडेल.”

पुढचे चार दिवस शाळा सुटल्यावर दुकानाचं दार एकेका मुलीसाठी बंद होत होतं. मापं टेपमावशीच्या खासगी वहीत गेली. शिवणीत दडवलेलं कापड मोकळं करून तेवीसच्या तेवीस शर्ट तिने सैल केले. मग तागा रिक्षात घातला आणि मलाही शाळेत ओढून नेलं, साक्षीला.

मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हेत. त्या म्हणाल्या की बाहेर लोक बघतात, बोलतात, उद्या काही झालं तर जबाबदारी शाळेची.

“वाढतात त्या आपल्या आपण,” टेपमावशी म्हणाली. “वाकायला आपण शिकवतो. त्यावर मी जाकीट शिवणार नाही.”

तर मग दुसऱ्या कुणाला काम देऊ, असं बाई म्हणाल्या.

“द्या की. पण शाळेच्या वहीतली मापं खोटी आहेत. खरी माझ्याकडे आहेत, आणि ती मी देणार नाही.”

शाळेचं काम गेलं होतं. भाचीला तिने एवढंच सांगितलं, की जाकिटांसाठी नव्याने मापं घेणार आहेत, तुला वाटलं तर जा, नाही वाटलं तर नको.

पलीकडच्या रस्त्यावरची नवी शिलाईवाली आली त्या दिवशी वर्ग हॉलमध्ये बसला होता. रांग लागली. भाची आली होती, तिसरी. पुढचं माझ्या मुलीने सांगितलं, ती त्याच वर्गात आहे. पहिल्या दोघींचे आकडे हॉलभर गेले. तिसरीची पाळी आली तेव्हा दप्तर खाली ठेवून ती हात सोडून ताठ उभी राहिली, आणि टेप अंगाला लागायच्या आधी म्हणाली, “आधी पडदा लावा. मग माप घ्या.”

शिक्षिकांनी तिला बाजूला हो म्हटलं. ती हलली नाही. मागचीला पुढे बोलावलं, तीही आली नाही. तिच्या मागचीही नाही. कुणीतरी तो लिलावाचा आवाज काढला; या वेळी हसलं कुणीच नाही. मुख्याध्यापिका बाई आल्या, रांगेकडे पाहत उभ्या राहिल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी रांग तशीच. शेवटी त्यांनी शिपायाला स्टेजचा पडदा काढून आणायला सांगितलं.

पडद्यामागे मापं निघाली, आणि उसवून सैल केलेले शर्ट सगळ्यांना नीट बसतात हेही निघालं. जाकिटांचं पत्र कुणी मागे घेतलेलं नाही. तागा ऑफिसात धूळ खातोय. विचारलं तर विचार चालू आहे म्हणतात.

शाळेचं काम नव्या शिलाईवालीकडेच राहिलं. टेपमावशी आता पडदे, उशांचे अभ्रे शिवते आणि शाळेचं नाव निघालं की नाक मुरडते. परवा मी म्हटलं, एकदा बाईंना भेटून ये, देतील परत. तिने दोरा दातांनी तोडला.

“माफी मागायला? माझ्या वहीतली मापं बरोबर होती.”